बोदोनी, दिदो आणि बारीक रेघेची चैन

अर्धविराम (धागाकर्ता)

लग्नपत्रिका घ्या, हातमागाच्या साड्यांचं ऑनलाइन दुकान घ्या, नाहीतर इंग्रजी कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ घ्या. जरा 'उंची' दिसायला हवं म्हटलं की हल्ली एकाच घराण्यातलं रोमन अक्षर पुढे येतं. उभी रेघ भरदार, आडवी रेघ केसाएवढी आणि टोकाला पट्टीने ओढल्यासारखी सपाट, बारीक सेरिफ (म्हणजे रेघेच्या टोकाची आडवी पट्टी). बहुतेक वेळा तो 'प्लेफेअर डिस्प्ले' असतो, कारण तो फुकट मिळतो आणि कॅन्व्हात समोरच पडलेला असतो.

हे घराणं मला मनापासून आवडतं. तक्रार आहे ती वापरणाऱ्यांबद्दल. मथळ्यासाठी काढलेलं अक्षर उचलायचं, त्यातच आठ पॉइंटात पत्ता आणि फोन नंबर छापायचा, आणि मग प्रेसवाल्याच्या नावाने खडे फोडायचे. म्हणून थोडं लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

मूळ पुरुष दोन: पार्माचा जांबातिस्ता बोदोनी आणि पॅरिसचा फिर्मां दिदो. बोदोनी १७४० साली उत्तर इटलीतल्या साल्युत्सो गावी जन्मला. घरातच छपाईचा धंदा. तरुणपणी रोमला जाऊन चर्चच्या प्रोपागांदा फिदे छापखान्यात लागला. धर्मप्रसारासाठी जगभरच्या लिप्यांचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) बाळगणारा हा छापखाना, त्यामुळे पोराचा हात परक्या लिप्यांवर बसला. पुढे त्याला बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल या मुद्रकाकडे जायचं होतं. निघालाही, पण आजारी पडला आणि बेत बारगळला. १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकने दरबारी छापखाना त्याच्या हवाली केला. १८१३ मध्ये मरेपर्यंत तो तिथेच राहिला.

सुरुवातीला त्याच्याकडे स्वतःचं असं काही नव्हतं. त्याचं १७७१ चं अक्षरांचं नमुनापुस्तक पाहिलं तर पॅरिसच्या फूर्निए या अक्षरकाराची छाप सरळ दिसते. नंतर वर्षागणिक सेरिफच्या कोपऱ्यातली कमान विरघळत गेली, आडव्या रेघा रोडावल्या, समास वाढले, वेलबुट्ट्या गेल्या. तिकडे पॅरिसमध्ये १७८४ च्या आसपास फिर्मां दिदो तेच आणखी कडकपणे करत होता. दोघांचं एकमेकांकडे बारीक लक्ष होतं. बोदोनीच्या पश्चात त्याच्या बायकोने, मार्गेरीताने, त्याचं 'मान्युआले तिपोग्राफिको' हे अक्षरनमुन्यांचं पुस्तक १८१८ मध्ये दोन खंडांत पुरं करून छापलं. त्यात शंभरावर रोमन अक्षरमालिका आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच एकमेकींपासून जेमतेम वेगळ्या आहेत.

माझं म्हणणं इथेच आहे. या माणसाने इतक्या जवळजवळच्या मालिका का कापल्या? आकार अर्ध्या पावलाने बदलला तरी जाड-बारीकचं प्रमाण त्याला नव्याने तोलायचं होतं. ती बारीक रेघ कागद, शाई आणि आकार या तिघांच्या जिवावर उभी असते. आपण तिघांनाही सोडतो आणि नुसती रेघ उचलतो.

तळटीप

लेख आवडला. थोडी भर.

बास्करव्हिलशिवाय ही गोष्ट सुरू होत नाही. तो मुळात सुलेखन शिकवणारा माणूस. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्याची त्याची १७५७ ची आवृत्ती ज्या कागदावर छापली त्याचा काही भाग त्या काळी नवाच असलेला वोव्ह कागद होता. त्याआधीच्या कागदावर जाळीच्या तारांच्या उठावदार रेषा असायच्या. अशा खडबडीत पृष्ठभागावर केसाएवढी रेघ छापली की मधेच तुटायची. वोव्ह कागद सपाट, त्यात बास्करव्हिल छापलेले ताव तापलेल्या पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत करायचा. अशा पानावर बारीक रेघ जगते हे आधी सिद्ध झालं, मग बोदोनी आणि दिदो ती आणखी ताणत गेले.

दुसरं म्हणजे हत्यार. जुनं रोमन अक्षर रुंद टोकाच्या लेखणीचं: लेखणी तिरपी धरली की रेघेच्या दिशेप्रमाणे जाडी आपोआप बदलते. बोदोनी-दिदोमागे टोकदार, लवचिक निब आहे. दाब दिला की टोक फाकतं आणि रेघ जाड होते, दाब सोडला की बारीक. खाली येणाऱ्या उभ्या रेघेवर दाब, बाकी सगळीकडे हात हलका. तांब्याच्या पत्र्यावर कोरणाऱ्यांनीही हेच वळण पक्कं केलं. म्हणून या अक्षरातला जाड भाग तिरपा कलत नाही, ताठ उभा असतो. छोट्या 'ओ'मधून उभी रेघ टाकून पाहा, दोन्ही बाजू आरशात पाहिल्यासारख्या सारख्या येतील.

साधासरळ

सगळं खरं, पण वाचायला हे अक्षर त्रासदायक आहे हे कुणी बोलणार की नाही?

इंग्रज कवी-कारागीर विल्यम मॉरिसने बोदोनीला काय काय म्हटलंय ते शोधून वाचा. त्याच्या मते इतकं न वाचता येणारं आणि कुरूप अक्षर दुसरं कुणी कापलंच नाही. मॉरिस टोकाचा माणूस होता, १८९१ मध्ये स्वतःचा केल्म्सकॉट छापखाना काढून थेट पंधराव्या शतकात जाऊन बसला, हे मान्य. पण रोमन लिपीत छोट्या आकारात 'मिनिमम' हा शब्द दिदोत टाइप करून बघा. जोडणाऱ्या रेघा गायब, उरतात नुसत्या उभ्या काठ्या. कुंपण वाचायचं की शब्द?

माझ्या मते हा फॉन्ट दागिना आहे. दागिना म्हणूनच ठेवा.

खिळे_आणि_केस

साधासरळ, मॉरिसचा राग मला समजतो. पण त्याच्यासमोर बोदोनीची मूळ पानं कमी आणि एकोणिसाव्या शतकातली त्याची भ्रष्ट नक्कल जास्त होती, हेही धरायला हवं. स्वस्त कागद, झिजलेले खिळे, पाणचट शाई. त्यात बोदोनीचं काय, कुणाचंही अक्षर रडकंच दिसणार.

मी खिळ्यांच्या छपाईत वाढलो आहे. नव्या पिढीला एक गोष्ट कळत नाही (राग मानू नये): धातूच्या खिळ्यांत 'मोठं करणे' हा प्रकारच नव्हता. आठ पॉइंटचं अक्षर वेगळं कापलेलं, चोवीसचं वेगळं. पोलादाच्या पंचाच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, तो पंच तांब्यात ठोकून मातृका करायची, मातृकेत शिशाचा रस ओतायचा. प्रत्येक आकारासाठी पहिल्यापासून सगळं. पंच कापणाऱ्याला पक्कं ठाऊक असायचं की लहान आकारात बारीक रेघ थोडी जाड ठेवली नाही तर ती छापताना तरी तुटेल किंवा शाईत तरी बुडेल. अक्षर थोडं रुंद करायचा, पोटातली पोकळी मोकळी ठेवायचा. डोळ्याला दोन्ही आकार 'एकच' वाटायचे, पण भिंगाखाली धरले की सख्खे भाऊसुद्धा वाटणार नाहीत.

हे गेलं ते फोटोटाइपसेटिंग आल्यावर. एकच निगेटिव्ह, भिंग पुढे-मागे करा, हवा तो आकार काढा. संगणकाने तीच सवय पुढे चालवली.

मासिकवेडी

खिळेकाका, अगदी. आणि ही सवय मोडायचा प्रयत्न एका फॅशन मासिकासाठीच झाला हे मला फार आवडतं.

'हार्पर्स बझार'मध्ये १९३४ ते १९५८ अलेक्सी ब्रोदोविच आर्ट डायरेक्टर होता. मोठमोठ्या कोऱ्या जागा, फोटोच्या कडेने वळत जाणारा मजकूर आणि डौलदार दिदो-बोदोनी वळणाचे मथळे. आज आपण 'फॅशन मासिकासारखं' म्हणतो तेव्हा नकळत त्याचीच पानं डोळ्यांसमोर असतात. 'व्होग'चं नाव १९५५ पासून दिदो वळणात आहे. पुढे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फाबिएन बारोंने 'बझार'ची नवी मांडणी केली तेव्हा जोनाथन हॉफ्लरने त्यांच्यासाठी खास दिदो काढला. त्याच्या सात वेगवेगळ्या आवृत्त्या केल्या, ६ पॉइंटपासून ९६ पॉइंटपर्यंत. ९६ वाली आवृत्ती छोट्या आकारात वापरली की रेघा हवेत विरतात. ६ वाली मोठी केली की ढबू दिसते. मथळा कितीही मोठा होवो, पानावरची बारीक रेघ तेवढीच बारीक राहायला हवी, ही त्यामागची कल्पना.

म्हणजे बोदोनीने अडीचशे वर्षांपूर्वी हाताने केलं ते.

पो_नदीकाठचा

पार्मापासून फार लांब राहत नाही, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

पार्माच्या मध्यावर पिलोत्ता नावाचा अवाढव्य जुना राजवाडा आहे, त्याच वास्तूत पालातिना ग्रंथालय आणि बोदोनीचं संग्रहालय. बोदोनीचे हजारो पंच आणि मातृका जपलेल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धात पिलोत्तावर बॉम्ब पडले, तरी हे वाचलं. पंच पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे सगळं किती लहान आहे. काडीएवढा पोलादी तुकडा आणि त्याच्या टोकावर पूर्ण 'आर'. भिंगातून पाहिलं तर त्या 'आर'चा पाय कुठे वळतो तेवढ्यावर माणसाने किती वेळ घालवला असेल याची कल्पना येते.

आणखी एक नाव या चर्चेत यायला हवं: फ्रांको मारिया रिची. पार्माचाच प्रकाशक. १९६० च्या दशकात त्याने बोदोनीचं 'मान्युआले' पुन्हा छापलं आणि तिथून त्याची प्रकाशनसंस्था सुरू झाली. १९८२ मध्ये स्वतःच्या आद्याक्षरांचं 'एफएमआर' हे कलाविषयक मासिक काढलं: काळी पार्श्वभूमी, मधोमध चित्र, बोदोनीतला मजकूर. म्हातारपणी या गृहस्थाने फोंतानेल्लातोजवळ बांबूचं प्रचंड मोठं चक्रव्यूहासारखं उद्यान उभं केलं. २०१५ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. फॉन्टवर जीव जडलेल्या माणसाकडे पैसा आला की काय होतं त्याचा नमुना. :)

जाता जाता: १८०६ मध्ये बोदोनीने एकच प्रार्थना १५५ भाषांत छापली. वर्षभरापूर्वी पॅरिसच्या सरकारी छापखान्याने १५० भाषांत छापली होती, तेव्हा पार्माला पाच जास्त हव्याच होत्या.

वेलांटी

@पो_नदीकाठचा, मस्त माहिती. आता आपल्या घराकडे येऊ या का? आमच्या छोट्या त्रैमासिकाचं नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही लागतं. इंग्रजीला बोदोनी छान दिसतोय, पण शेजारी देवनागरी ठेवली की पाहुण्याशेजारी घरचा माणूस बनियनवर बसल्यासारखं वाटतं. देवनागरीत 'तसं' अक्षर आहे का? आणि पाकळीचा ल, देठाचा श हवाच. २००९ च्या शासननिर्णयात आहे म्हणून नव्हे, आमच्या संपादकांना दुसरा चालतच नाही.

शाईचा_डाग

आहे. 'रोझा वन' बघा. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा, फुकट. देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच फॉन्टात, आणि जाड-बारीकचा फरक टोकाचा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या जाहिरातवाल्यांनी बोदोनीला खाऊपिऊ घालून जी 'फॅट फेस' अक्षरं केली, त्या जातीचा. फक्त अतिशय मोठ्या आकारासाठी आहे, बनवणाऱ्यांनीच तसं सांगितलंय. एका शब्दाचं नाव असेल तर पान भरून टाका, बहार येईल. उपशीर्षकाला वापरलात तर माझं नाव सांगू नका.

शिवाय 'एक्झार' आहे, वैभव सिंह यांचा. हलक्या वजनात शहाणा, जाड वजनात अंगात आल्यासारखा. तो बोदोनी नव्हे, पण शेजारी दमदार उभा राहतो.

बोरू

मला इथे थोडं आडवं बोलायचं आहे.

देवनागरीला बोदोनीच्या साच्यात घालण्याआधी आपली जाड-बारीक रेघ कुठून येते ते पाहू. बोरूचं टोक रोमन लेखणीच्या उलट दिशेने तिरपं कापलेलं असतं. त्यामुळे रोमनमध्ये डावीकडून वरून उजवीकडे खाली उतरणारी रेघ जाड होते, तर देवनागरीत उजवीकडून वरून डावीकडे खाली येणारी. आता गंमत बघा: साधारण पंचेचाळीस अंशांवर टोक धरलं की सरळ आडवी आणि सरळ उभी या दोन्ही रेघा जवळपास सारख्याच जाडीच्या येतात. म्हणजे शिरोरेषा आणि काना समान वजनाचे. खरी जाड-बारीक गंमत तिरप्या रेघांत आणि गोलाईत आहे. 'र'चा खाली जाणारा पाय, 'म'ची गाठ, 'क'च्या पोटाचं वळण.

बोदोनीचा नियम लावला की उभं ते जाड आणि आडवं ते बारीक. मग सर्वांत आधी बळी जाते शिरोरेषा. ती केसाएवढी झाली की शब्द एकसंध राहत नाही, कानेच काने दिसतात. आणि शिरोरेषा जाड ठेवून बाकी आडव्या रेघा बारीक केल्या तर तो बोदोनी उरत नाही. काहीतरी तिसरंच होतं. तिसरं चांगलंही असू शकतं, मी नाही म्हणत नाही. पण 'देवनागरी बोदोनी' या मागणीतच अडचण आहे.

निर्णयसागरचं कुठलंही जुनं संस्कृत पुस्तक काढून पाहा. जावजी दादाजींचा छापखाना आणि राणोजी रावजी आरू यांनी कापलेले खिळे. अक्षर भरदार आहे, कॉन्ट्रास्टही सणसणीत आहे, पण तो सगळा बोरूचा आहे. त्या पानाला डौल हवा म्हणून पार्माला जावं लागलं नाही.

शाईचा_डाग

बोरू, तुम्ही म्हणता ते हस्तलिखिताला आणि पोथीला लागू. पण डिस्प्ले टाइप, म्हणजे मथळ्याचं मोठं अक्षर, म्हणजे पोथी नव्हे. रोमन लिपीतसुद्धा बोदोनी आला तेव्हा लेखणीचं वळण मोडूनच आला ना? तेव्हाही कुणीतरी म्हणालंच असेल की हे आपल्या हाताचं नाही. देवनागरीने काय फक्त बोरूशीच संसार करायचा? टोकदार निबने देवनागरी लिहिणारे आज कितीतरी आहेत.

बोरू

मोडायला हरकत नाही. मोडताना काय मोडतोय ते ठाऊक हवं. रोमनमध्ये टोकदार निब आधी रोजच्या हस्ताक्षरात शिरली, पत्रांत आणि हिशेबाच्या वह्यांत रुळली, मग खिळ्यांत आली. तिथे लोकांचे डोळे तयार होते. आपल्याकडे उलटं होतं, आधी रोमन फॉन्ट निवडला जातो आणि मग देवनागरीला सांगितलं जातं, 'याच्याशी जुळवून घे.' बाळबोध वळणाचा 'अ' आणि त्याला दिदोची सपाट सेरिफ लावलेली मी पाहिली आहे. सेरिफ कुठे लावली होती विचारू नका.

खिळे_आणि_केस

दोघांच्या भांडणात एक जुनी गंमत टाकतो. ज्या प्रोपागांदा फिदे छापखान्यात बोदोनी शिकला, तिथूनच १७७१ मध्ये देवनागरीचे खिळे वापरून 'आल्फाबेतुम ब्रम्हानिकुम' हे लिपीची ओळख करून देणारं पुस्तक निघालं. बोदोनी तेव्हा पार्माला पोचून आपल्या फूर्निए-छाप नमुनापुस्तकात गुंतलेला. दोन्ही एकाच वर्षीची पुस्तकं. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण बंगालमधल्या श्रीरामपूरला निघालं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८०५ मध्ये.

त्यामुळे देवनागरीचा खिळा पहिल्यापासूनच परक्या हातांत घडला, आणि तो आपल्या डोळ्याला रुचेल असा करायला पुढची पन्नास-साठ वर्षं मुंबईत लागली. शाईचा_डाग यांच्या बाजूने एवढं म्हणतो.

रात्रपाळी

प्रेसमध्ये काम करतो. लिपीवर मत नाही, नरड्याशी आलेल्या गोष्टी सांगतो.

१. काळ्या किंवा गडद चार रंगी पार्श्वभूमीवर पांढरी बारीक रेघ. ती रेघ म्हणजे चारही प्लेट्सवर सोडलेली चिंचोळी फट. एका प्लेटचं रजिस्ट्रेशन, म्हणजे बाकीच्या प्लेट्सशी जुळणी, जरा हललं की फट बुजते. मध्यंतरी एका मुखपृष्ठावर इंग्रजी नावातल्या प्रत्येक छोट्या 'ई'ची आडवी रेघ बुजली आणि सगळे 'ई' जाऊन 'सी' झाले. भिंगात पाहिलं तर तिथे गुलाबीसर धूर होता, बाकी काही नाही. पार्श्वभूमी नुसत्या काळ्याची ठेवा, नाहीतर अक्षराला पांढरीच हलकी आउटलाइन देऊन रेघ फुगवा.

२. मॅपलिथोवर (बिनचकाकीचा साधा छपाईचा कागद) शाई पसरते. आर्ट पेपरवर प्रूफ बघून मॅपलिथोवर छपाई सांगू नका.

३. लग्नपत्रिका आणि सोनेरी फॉइल. बारीक रेघेवर फॉइल एकतर बसत नाही किंवा बसून शेजारची जागाही भरून टाकतं. ग्राहक म्हणतो, स्क्रीनवर तर छान दिसत होतं. स्क्रीनवर सगळंच छान दिसतं हो.

अर्धविराम

@रात्रपाळी, 'गुलाबीसर धूर' वाचून अंगावर काटा आला. नेमका हाच प्रकार. त्या 'ई'ला कुठल्या आकारासाठी काढलेला फॉन्ट होता ते बघायला हवं. पैज लावतो, डिस्प्ले आवृत्ती असणार.

@बोरू आणि @शाईचा_डाग, शिरोरेषेचा मुद्दा मला पटतो, पण त्यावरून देवनागरीने टोकदार निबचं नावच काढू नये हे पटत नाही. कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं आठवा. प्रत्येक नाटकाच्या नावाला वेगळं वळण, बोरूचा नियम हवा तिथे पाळलाय आणि हवा तिथे सरळ धुडकावलाय, तरी एकही नाव परकं वाटत नाही. फरक एवढाच की तो एका शब्दासाठी काढलेला आकार होता. फॉन्टमध्ये तेच 'क' हजार शब्दांत हजार शेजाऱ्यांबरोबर बसवायचं असतं.

वेलांटीताई, म्हणून तुमच्या अंकाच्या नावासाठी फॉन्ट शोधूच नका, असं मी सुचवेन. चार-पाच अक्षरांचं नाव कुणा चांगल्या सुलेखनकाराकडून लिहून घ्या. आतल्या मजकुरासाठी 'टीरो देवनागरी मराठी' घ्या, त्यात आपला ल आणि श आहे.

शेपटीचा_संशोधक

अभियांत्रिकीवाल्यांनो, तुम्ही सगळे वर्षानुवर्षं याच घराण्यातलं अक्षर वाचत आलाय, हे लक्षात आलंय का? प्रबंध आणि समीकरणं जुळवायच्या लाटेख या प्रोग्रामचा मूळ फॉन्ट 'कॉम्प्युटर मॉडर्न'. संगणकतज्ज्ञ डोनाल्ड क्नूथच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग' या ग्रंथाच्या सुरुवातीच्या आवृत्त्या मोनोटाइपच्या 'मॉडर्न' खिळ्यांत जुळवल्या होत्या. पुढे नव्या यंत्रावर तसा देखणेपणा येईना म्हणून त्याने टेख (मजकूर जुळवणारा प्रोग्राम, लाटेखचा पाया) आणि मेटाफॉन्ट (अक्षरं काढणारा) लिहून स्वतःच अक्षर काढलं. ते 'मॉडर्न' म्हणजे बोदोनी-दिदोचं एकोणिसाव्या शतकातलं कष्टकरी रूप.

आणि धागाकर्त्याच्या मुद्द्याला यातून भक्कम आधार मिळतो. क्नूथने ५, ६, ७, ८, ९, १०, १२ आणि १७ पॉइंटसाठी वेगवेगळे आकडे भरून वेगवेगळी अक्षरं बनवली. घातांकातला छोटा 'एन' हा मजकुरातल्या 'एन'ची लहान केलेली प्रत नसते. तो अंगाने रुंद आणि तुलनेने जाड असतो, म्हणून प्रबंधाच्या तळटिपेतही वाचता येतो. तरीही लेझर प्रिंटवर पान अशक्त दिसतं ही तक्रार आहेच. शिशाच्या खिळ्याने कागदात दाबून शाई थोडी पसरवली असती, टोनर ते करत नाही.

ब्राउझरवाला

वेबसाठी थोडक्यात, कारण धागा लांबलाय.

प्लेफेअर डिस्प्ले, म्हणजे डेन्मार्कच्या क्लाउस एगर्स सोरेन्सेनने २०११ च्या सुमारास दिलेला, नावाप्रमाणे डिस्प्लेच आहे. त्याच माणसाचा नुसता 'प्लेफेअर' नावाचा वेगळा फॉन्ट आता आला आहे, त्यात आकारानुसार रेघ बदलणारा अक्ष आहे, ५ पासून थेट १२०० पर्यंत. 'बोदोनी मोदा'मध्येही असा अक्ष आहे, ६ ते ९६. दोन्ही फुकट. ब्राउझर 'फॉन्ट-ऑप्टिकल-सायझिंग' मुळातच चालू ठेवतो, म्हणजे अक्षराचा आकार बघून योग्य रेघ आपोआप निवडली जाते. फक्त फॉन्ट मागवताना तो अक्ष दुव्यात घ्यायला विसरायचं नाही; न घेतल्यास एकच ठरावीक आवृत्ती येते आणि मग मोबाइलवर 'साधासरळ' यांचं कुंपण उभं राहतं.

साधासरळ

धन्यवाद, कुंपणाला प्रसिद्धी मिळाली.

बोदोनी मोदा मोबाइलवर बघून आलो. छोट्या आकारातलं बरंच सुसह्य आहे, मानलं. पुस्तकभर मजकूर त्यात वाचणार नाही, पण लेखाचं उपशीर्षक चालेल.

वेलांटी

@अर्धविराम, नाव लिहून घ्यायचा सल्ला संपादकांना पटलाय. पैशांचं बघतो म्हणालेत, म्हणजे दिवाळीनंतर. इंग्रजी नाव तोवर बोदोनी मोदात, काळ्या एकाच रंगात, कागद मॅपलिथो. @रात्रपाळी, एवढं केलं तर 'ई' जिवंत राहील ना?

रात्रपाळी

नाव ३६ पॉइंटच्या वर ठेवा, राहील. पण ३६ चं अक्षर आहे म्हणून ९६ ची आवृत्ती लावू नका. मॅपलिथोवर १८-२० च्या आसपासची लावा, थोडी गुबगुबीत दिसली तरी. छापल्यावर शाई पसरून बरोबर दिसेल. आणि पीडीएफ पाठवण्याआधी अक्षरं आउटलाइन करा, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून टाका, नाहीतर आमच्या मशीनवर फॉन्ट नसला की टाइम्स येतो.

शेपटीचा_संशोधक

कुणी लाटेखमध्ये मराठी प्रबंध केला असेल तर सांगा, आमच्या गाइडना देवनागरी आणि समीकरणं एकाच ओळीत हवी आहेत आणि शिरोरेषा समीकरणाला टेकतेय.

अर्धविराम

त्याला वेगळा धागा काढा राव, इथे तो विषय बुडेल. काढलात की दुवा टाका, मीही येतो.